गोड्या बावीचं पाणी

सासरी माझं पहिलं भांडण झालं ते तांब्याभर पाण्यावरून, आणि तेही अंगावरची हळद उतरायच्या आत.

माझं माहेर रोह्याकडचं, नदीकाठचं. लग्नानंतर आमचं वऱ्हाड मचव्यातून खाडीनं साळावला उतरलं आणि तिथून बैलगाड्यांनी काशीदच्या वाटेला लागलं. काशीदच्या बरंच अलीकडे, डोंगर आणि समुद्र यांच्या चिंचोळ्या पट्टीत नारळी-पोफळीची वाडी होती आणि त्या वाडीत माझं सासर. ऊन मी म्हणत होतं. माप ओलांडून आत गेले, तर सासूबाईंनी माझ्यापुढे तांब्या धरला. मी दोन घोट घटाघटा प्याले आणि तिसरा तोंडातच राहिला.

"आत्याबाय, पानी मचूळ हाय का वो?"

मचूळ म्हणजे धड खारं नाही, धड गोडं नाही. समुद्रानं लांबून बोट बुडवल्यासारखं. मला वाटलं, कुणी चुकून भलत्या हंड्यातलं दिलं असेल. पण ओटीवरचा सगळा कालवा थांबला. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. त्या शांतपणे म्हणाल्या, "पोरी, आमच्या बावीला अख्खा गाव गोडी बाव म्हनतो. उनातनं आलीस, तोंड कडू झालं असंल."

माझ्या जिभेला हाड नाही, असं माझी आई लहानपणापासून सांगत आली होती. मी म्हटलं, "कडू न्हाय, खारट लागतंय." मागून कुणीतरी माझ्या पाठीला जोराचा चिमटा काढला. ती बहुधा माझी मावशी असावी.

त्या विहिरीची गोष्ट मला पुढच्या आठवड्यात शेजारणींनी ऐकवली, आणि ती ऐकल्यावर मला घाम फुटला. पूर्वी वाडीत पाणी नव्हतं. बायका डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्यावरून कळश्या आणायच्या, चढ-उतार करत. आत्याबाई नव्या नवरी होत्या तेव्हा त्या वाटेवर घसरून पडल्या आणि पोटातलं पहिलं मूल गेलं. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्याच उन्हाळ्यात पहार उचलली. लोक म्हणाले, समुद्राच्या इतक्या जवळ गोडं पाणी लागायचं नाही. ते खणत राहिले. पाणी लागलं त्या दिवशी नारळ फोडला, आणि रिवाज असा की पहिली ओंजळ घरच्या लक्ष्मीनं प्यायची आणि पाणी कसं आहे ते जमलेल्या लोकांना सांगायचं. आत्याबाई ओंजळ प्याल्या आणि म्हणाल्या, "गोड हाय. शहाळ्यावानी." तेव्हापासून ती गोडी बाव. आसपासच्या दहा घरांच्या बायका तिच्यावर पाणी भरू लागल्या आणि डोंगराची वाट सुटली ती सुटली.

आणि मी येऊन पहिल्याच दिवशी म्हटलं, मचूळ.

बरं, तोंड मिटून बसले तरी सुटका नव्हती, कारण चुलीपुढे बसायचं होतं. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय रांधणारीनं चव घ्यायची नाही, ही पद्धत दोन्हीकडे सारखीच. मीठ घालायचं ते हाताच्या अंदाजानं. माझा हात माहेरच्या पाण्यावर पोसलेला. पहिल्या दिवशी माझ्या अंदाजानं घातलं, जेवायला बसले तर मला सगळं खारट. दुसऱ्या दिवशी पाणीच खारं आहे म्हणून हात आखडला, तर पुरुषांच्या पंगतीतून मामंजींचा आवाज आला, "सूनबाय, मीठ म्हाग झालंय का रोह्यात?" सगळे हसले. तिसऱ्या दिवशी रागानं मूठभर घातलं. सगळ्यांनी मिटक्या मारल्या आणि मी ताकभातावर दिवस काढला.

वरणाची तर वेगळीच कथा. तुरीची डाळ त्या पाण्यात शिजेचना. सकाळी चढवावी तर दुपारी दाणा न् दाणा वेगळा, खड्यासारखा टणक. त्या घरात सगळे ती तशीच चावून खायचे आणि यालाच वरण म्हणतात असं समजायचे. साबणाला फेस येत नव्हता, तरी दोष साबणाचा. आत्याबाई वाईट नव्हत्या, हे मी आधीच सांगून टाकते. त्या मला कधी उणा शब्द बोलल्या नाहीत. पण नदीकाठची पोरगी लाडावलेली असते, तिच्या जिभेचे चोचले असतात, असं त्यांनी मनात ठरवून टाकलं होतं, आणि ते मला टोचायचं. माझं म्हणणं चोचला नव्हता. मला जे लागत होतं ते मी सांगत होते.

पण दहा घरं एक म्हणतात आणि आपण एकटी दुसरं म्हणतो, तेव्हा हळूहळू आपलीच जीभ आपल्याला परकी वाटायला लागते. तापात पेज कडू लागते. म्हणजे जीभ खोटं बोलते हे खरंच. मग माझी जीभही कशावरून खोटं बोलत नसेल? मी चोरून पाणी तोंडात धरायची, डोळे मिटून. कधी खारट, कधी नुसतं पाणी, कधी काहीच कळायचं नाही. जितकं लक्ष द्यावं तितकं कमी कळायचं.

दिवाळसणाला न्यायला माझे वडील आले, तेव्हा मला वाटलं, आता साक्षीदार मिळाला. मी मुद्दाम भरलेला तांब्या त्यांच्या हातात दिला आणि समोर उभी राहिले. ओटीवर मामंजी होते, दाराआड आत्याबाई. वडील प्याले. क्षणभर त्यांच्या भुवया हलल्या, मी शपथेवर सांगते, हलल्या. मग मिशा पुसत म्हणाले, "वा! पानी गोड हाय वो तुमचं."

मी गाडीत साळावपर्यंत बोलले नाही. मचव्यात बसल्यावर वडील हळूच म्हणाले, "पोरी, व्याह्याच्या घरचं पानी गोडच असतं." माझा सख्खा बाप!

माहेरी पोचल्यावर नदीचं पाणी प्याले आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. माझी जीभ शाबूत होती.

परत आल्यावर मी यांच्याशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशी, वाद घातला. हे गावच्या शाळेत मास्तर होते, वाचणारे, विचार करणारे, आणि आईपुढे एक अक्षर न बोलणारे. मला म्हणाले, "हे बघ, थंडीत पहाटे बावीचं पाणी हाताला कोमट लागतं. वैशाखात तेच गार लागतं. पाणी बदलतं का? आपलं अंग बदलतं. मी जन्मापासून हेच प्यालो. माझ्या जिभेला हेच पाणी म्हणजे पाणी. तुझ्या जिभेला नदीचं. आता खरं पाणी कसं आहे, ते पाण्यालाच ठाऊक."

मला हे बोलणं आवडलं, आणि त्याचा रागही आला. नवरा शहाणं बोलतो आणि तरी आपण हरतो, तेव्हा येतो तसा. मी म्हटलं, "कोमट-गार ठीक हाय. पन डाळ का शिजत न्हाय? डाळीला जीभ न्हाय. तिला माहेर न्हाय, सासू न्हाय."

हे हसले. मग हसायचे थांबले.

दुसऱ्या दिवशी मी कळशी घेऊन डोंगराच्या झऱ्यावर गेले. एकाच डाळीचे दोन वाटे केले, एक बावीच्या पाण्यात, एक झऱ्याच्या. झऱ्याच्या पाण्यातली लोण्यासारखी शिजली. दोन्ही वरणं पंगतीत वाढली, काही न बोलता. मामंजींनी मऊ वरण खाल्लं, पुन्हा मागितलं, आणि ताटातून मान वर केली नाही. हे एकदा या वाटीकडे बघत, एकदा त्या. आत्याबाईंनी चुलीपाशी पालथी घातलेली कळशी बघितली, तिच्या बुडाला लागलेली डोंगराची तांबडी माती बघितली आणि सगळं समजल्या.

भांडी घासताना मला म्हणाल्या, "तुझ्या हातचं मला समदं चालतं. पन माझ्या हयातीत या बावीला नाव ठेवू नको. आन् त्या वाटेनं जाऊ नको." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मला ते पडलेलं मूल आठवलं आणि मी गप्प बसले. पहिल्यांदाच गप्प बसले म्हणाना. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. माझ्या हातात काकण होतं आणि मी ते पदराखाली झाकलं.

मग वर्षं गेली. मुलं झाली, ती बावीच्या पाण्यावर वाढली आणि मिटक्या मारत टणक वरण खाऊ लागली. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की मलाही आता काही लागत नाही. कोणत्या दिवशी ते मचूळ लागायचं थांबलं, सांगता येणार नाही. माहेरी गेले तर नदीचं पाणी पाणचट लागलं. आई हसली, म्हणाली, "आता खरी सासरची झालीस." मला हसू आलं नाही. मी एकटी साक्षीदार होते आणि माझीच साक्ष पुसली गेली होती. नाही म्हणायला डाळ तेवढी होती.

मामंजींच्या पायांना सूज आली ती त्यानंतर. आधी पावलं, मग पोटऱ्या, मग चेहरा. श्रीवर्धनकडचे एक जाणते वैद्य मुरुडला आले होते, त्यांना गाडी करून आणलं. त्यांनी नाडी बघितली, बोटानं पायावर दाबून बघितलं, खड्डा तसाच राहिला. म्हणाले, मीठ बंद. अजिबात बंद.

आत्याबाईंनी त्या दिवसापासून मामंजींचं वेगळं रांधायला घेतलं. मिठाचा कण नाही. लोणचं नाही, सुकट नाही, पापड नाही. नवऱ्याला अळणी आणि आपण कसं खायचं म्हणून स्वतःही मीठ सोडलं. आणि दर घटकेला मायेनं त्यांना बावीचं पाणी पाजत राहिल्या. तांब्यावर तांब्या. सूज उतरेना.

ते मी बघत होते. त्या घरात कुणाला सुचत नव्हतं, कारण सुचायला जागाच नव्हती. बाव गोडी होती. मीठ बंद केलं होतं. मग मीठ आलं कुठून? आणि मी सांगू तरी कशाच्या जोरावर? मला स्वतःलाच आता खारट लागत नव्हतं.

मी यांना पडवीत गाठलं आणि सगळं बोलून टाकलं. म्हटलं, "मला आता चव कळत न्हाय. पन सासरी आल्या दिवशी कळली व्हती, ती खरी व्हती. तुमचा इश्वास असो नसो."

हे म्हणाले, "मला ती चव कधीच कळणार नाही. पण तुला कळली होती, हे मला कळतं." आणि दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर माझा नवरा डोंगराच्या झऱ्यावर जाऊन कळशी भरून आणू लागला. गावातल्या मास्तराच्या खांद्यावर कळशी! लोक हसले. कुणी म्हणालं, बायकोनं पाणी भरायला लावलं. कळशी परसदारानं आत यायची आणि मामंजींच्या माठात रिकामी व्हायची. आत्याबाई त्या वेळी वाडीत असायच्या, त्यांना पत्ता नव्हता. इतक्या वर्षांच्या संसारात मला खूप काही मिळालं, पण त्या कळशीइतकं काही नाही.

पहिला तांब्या मीच मामंजींना दिला. त्यांनी घोट घेतला, तोंडात धरला आणि माझ्याकडे बघितलं.

"झऱ्याचं?"

खोटं बोलणं मला जमत नाही. "व्हय."

"लहानपनी हेच प्यालो," ते म्हणाले. पुन्हा एक घोट घेतला. "सूनबाय, तू आलीस त्या दिशी ओटीवर बोललीस ना, तवा मला तुझे पाय धरावेसे वाटले. बाव मचूळ हाय. मला पहिल्या ओंजळीपासनं ठावं हाय."

मी त्यांच्यापाशी खाली बसले.

"तिनं ओंजळ घेतली, चार लोकांत गोड म्हनाली. मंग मी प्यालो. खारट. वाटलं, माझ्याच घामाची चव आसंल. परत प्यालो, परत खारट. मंग कळलं, माझी एवढी मेहनत बघून ती बोलली. आता तिला चार लोकांत खोटी कशी पाडू? प्यालो. दोन-तीन वरसांत जीभपन गप झाली." ते दमले होते, थांबले. "तिला बोलू नको. आन् हे पानी गोड हाय खरं, देत जा. पन सांजचा एक घोट आपल्या बावीचा, तिच्या हातचा."

मी त्यांना तसा शब्द दिला, आणि तसंच चाललं. सूज बरीच उतरली, ते अंगणात फिरायला लागले, वाडीत जाऊन पोफळी बघून आले. दिवेलागणीला आत्याबाई बावीवरून पेला भरून आणायच्या, ते एक घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "गोड." वर्षभर ते दोघांना लाभलं. पुढच्या थंडीत एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. एका सकाळी आत्याबाईंनी स्वतः कळशी घेतली, मला म्हणाल्या, "चल." बावीकडे न वळता त्या डोंगराच्या वाटेला लागल्या. मी मुकाट मागून गेले. तरुणपणी जिथं पडल्या त्या जागी त्या थांबल्या, एवढंच. झऱ्यावर पोचल्यावर खाली बसून ओंजळ भरली आणि प्याल्या. एक, दोन, तीन ओंजळी, लहान मुलीसारख्या अधाशीपणानं. मग हात तसेच ओले धरून बसून राहिल्या.

"बाव मचूळ हाय," त्या म्हणाल्या. "तू आल्या दिशी खरं बोललीस. मला पहिल्या घोटालाच ठावं व्हतं. त्यांचे हात फुटले व्हते गं पहारीनं. मी कशी बोलू? आन् एकदा बोलले ते गिळता आलं न्हाय." आणि एकदम आवाज फुटला. "वैदानं मीठ बंद केलं, आन् मी माझ्या हातानं त्यांना खारं पाजत रायले. आज उमगलं मला. हे पाजायला हवं व्हतं त्यांना. माझ्या एका शब्दापायी मानूस गेला."

मामंजींना दिलेला शब्द मला आठवत होता. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडू नये म्हणतात. मी तो तिथंच मोडला, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडेन.

"पाजलं व्हतं, आत्याबाय. वरीसभर हेच पीत व्हते. तुमचा ल्योक आनायचा."

त्यांनी मान वर केली. "त्यांना कळलं न्हाय?"

"पहिल्या घोटाला कळलं. आन् बावीचंबी कळलं व्हतं. तुमच्या ओंजळीमागनं प्याले ना, तवाच."

"मंग बोलले का न्हायीत?"

"तुमी चार लोकांत गोड म्हनालात म्हनून."

झऱ्याचं पाणी कळशीत पडत होतं, कळशी भरून वाहायला लागली तरी कुणी ती बाजूला केली नाही.

"आन् सांजचा घोट?" त्यांनी विचारलं. "तो तर मी बावीचाच देत व्हते."

"तो त्यांनीच मागून घेतला व्हता. म्हनाले, झऱ्याचं देत जा, पन सांजचा एक घोट आपल्या बावीचा, तिच्या हातचा."

आत्याबाईंनी पदर तोंडावर घेतला. खांदे हलत होते. रडताहेत की हसताहेत, मला कळेना, आणि मला वाटतं त्यांनाही कळत नव्हतं. उभ्या जन्मात त्यांनी नवऱ्याला अहो-जाहोशिवाय हाक मारली नव्हती. पदराआडूनच म्हणाल्या, "लबाड कुठला!"

मग डोळे पुसले, उठल्या आणि डोक्यावर चुंबळ ठेवली. मी त्यांना कळशी उचलून दिली.